समिती आली तेव्हा मी उघडलो नाही

मित्रांनो, मी एक जुना, जड आणि आता कायमचा मोडलेला ताला आहे. पुस्तकात मला कुलूप म्हणतात. पण आमच्या यवतमाळकडे कोणाची किल्ली हरवली तर तो 'ताला कसा उघडू' म्हणूनच डोकं खाजवतो. म्हणून मीही स्वतःला ताला म्हणतो. ज्याला हरकत असेल त्याने किल्ली घेऊन यावं.

शाळेच्या दप्तरात माझ्याबद्दल 'गंजल्यामुळे निकामी' असं लिहून ठेवलं आहे. हे साफ खोटं आहे. मी गंजलो होतो हे मान्य. पण गंजलेले कितीतरी ताले रोज निमूटपणे उघडतात. मी उघडलो नाही, कारण मला उघडायचं नव्हतं. तेच सांगायला मी आज बसलो आहे. बसलो म्हणजे पडलो आहे. माझ्या आकाराला दोन्ही सारखंच दिसतं.

माझा जन्म अलीगडचा. अंग पितळेचं, वरची कडी आणि पोटातल्या स्प्रिंगा पोलादाच्या. माझ्या पोटात पितळी पट्ट्या आहेत. त्यांना लिव्हर म्हणतात आणि त्यांचा स्वभाव सरकारी आहे. योग्य किल्ली येईपर्यंत एकही जागची हलत नाही, आणि योग्य किल्ली आली की सगळ्या एकदम उठून उभ्या राहतात.

माझी पहिली नोकरी यवतमाळच्या एका कापसाच्या गोदामावर होती. ते माझे वैभवाचे दिवस. सकाळी चौकीदार यायचा, मला उघडायचा, दिवसभर मी कोयंड्याला तोंड उघडं टाकून लटकायचो आणि समोरून गाड्यांवर गाड्या कापूस आत जायचा. संध्याकाळी मी मिटायचो. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हा आहे म्हणून झोप लागते." तिथेच मला माझ्या धंद्यातली मोठी गोष्ट कळली. ताल्याचं काम बंद राहणं नाही. बंद तर भिंतही राहते, आणि तिला कोणी अलीगडहून मागवत नाही. ताला असतो तो उघडण्यासाठी.

मग गोदामाला लोखंडी शटर आलं. त्याचा ताला त्याच्या पोटातच होता. मी एका खोक्यात खिळे, वायसर आणि एका बंद घड्याळासोबत पडून राहिलो. त्या गोदामात हिशेब बघणाऱ्या गृहस्थांचे मेहुणे म्हणजे श्रीकृष्ण सर. ते फुलसावंगीच्या पुढच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. गावाचं नाव सांगत नाही. गावाची बदनामी नको आणि मला या वयात बदली नको. एकदा ते यवतमाळला आले, खोक्यात हात घातला, मला वजन करून पाहिलं आणि म्हणाले, "हा चालेल. आराखड्यात ताल्याची तरतूद नाही."

अशा रीतीने मी शिक्षणक्षेत्रात आलो.

आराखडा म्हणजे शाळा विकास आराखडा. शाळेत काय कमी आहे ते लिहायचं, वर्षभरात ते आणायचं, आणि शेवटी मूल्यमापन समिती येऊन पाहणार की आणलं का. श्रीकृष्ण सरांचा आराखडा सुंदर होता. रंगीत कागदावर छापून ऑफिसात लावला होता. मुलींसाठी स्वच्छतागृह, वाचनालय, खेळाचं साहित्य, कचराकुंड्या, झाडं. आणि मित्रांनो, सरांनी यातली प्रत्येक गोष्ट खरोखर आणली. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. सर वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही घाईने त्यांचा राग कराल. त्यांची एकच सवय होती. चांगली वस्तू पाहुण्यांसाठी ठेवायची.

ही सवय तुमच्याही घरी असेल. कपबश्यांचा एक संच फक्त पाहुण्यांचा. सरांच्या घरी नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही; सोफ्याला आजवर माणूस असा लागलाच नाही. शाळेत सरांनी तेच केलं, फक्त इथे पाहुणे म्हणजे समिती. वाचनालयाची पुस्तकं पानं दुमडू नयेत म्हणून कपाटात. फुटबॉल फुटू नये म्हणून हवा काढून, त्याच कपाटात. झाडांच्या कुंड्या पावसाने खराब होऊ नयेत म्हणून वर्गात, बाकांच्या मागे. आणि कचराकुंड्या घाण होऊ नयेत म्हणून त्यांत कचरा टाकायला सक्त मनाई. पोरं कचरा खिशात घालून घरी न्यायची.

मला लावलं मुलींच्या स्वच्छतागृहाला.

उद्घाटन झालं. नारळ फुटला. मुलींना आत रांगेत उभं करून शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका शोभा मॅडमनी फोटो काढला. फोटोत सगळ्या हसत आहेत. फोटो झाल्यावर त्यांना बाहेर काढण्यात आलं आणि मला लावण्यात आलं. पुढे दर महिन्याला अंमलबजावणीची प्रगती कळवावी लागे, तेव्हा सर मोबाईलवरून तोच फोटो पाठवायचे. वरून अंगठा यायचा.

पोरांना काही अडचण नव्हती. पोरांना सगळा तालुका मोकळा होता. प्रश्न मुलींचा होता. शाळा गावाच्या एका टोकाला आणि वस्ती नाल्याच्या पलीकडे. दुपारच्या सुट्टीत मुली घरी जायच्या. काही परत यायच्या, काही यायच्या नाहीत. आठवीतली नाहिद रोज परत यायची, आणि रोज उशिरा यायची, कारण तिचं घर सगळ्यात लांब. सुट्टीनंतरचा पहिला तास गणिताचा. तो तिने त्या वर्षी बाहेरूनच ऐकला. म्हणून सकाळपासून ती पाणीच प्यायची नाही. तरी जमायचं नाही.

एकदा ती आणि तिची मैत्रीण भैरवी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. नाहिदने मला खालून वर पाहिलं.

"काय रे, तुले काय राखा लागते इथं? अंदर सोनं ठेवलं हाय का?"

"सोनं नाई वं," भैरवी म्हणाली, "टाईल्सा हाय. सर म्हणते, टाईल्सा खराब होते."

"टाईल्सा कोनाच्या हाय मंग?"

"समितीच्या."

नाहिदने केसातली पिन काढली आणि माझ्या तोंडात घातली. मित्रांनो, त्या दिवशी मी माझ्या लिव्हरांना हात जोडून सांगितलं, बायांनो, उठा. पण त्यांचं एकच, वरून आदेश हवा. पिन वाकली. नाहिदने ती सरळ करून परत केसात लावली आणि मला म्हणाली, "तू बी सरच्याच पार्टीतला." आजवर मला कोणी एवढं लागेल असं बोललेलं नाही. गोदामात एकदा बैलाने शिंग मारलं होतं, तेही इतकं लागलं नव्हतं.

मग ती सरांकडे गेली. सरांचं ऑफिस माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"सर, किल्ली द्या ना. आम्ही साफ ठेवू."

"बेटा, तुमचंच आहे ते. समिती येऊन जाऊ दे फक्त."

"समिती कधी येते, सर?"

"येईल."

समिती काही येत नव्हती. आधी निवडणुकीचं काम निघालं. मग साहेबांच्या पुतण्याचं लग्न निघालं. मग नाल्याला पूर आला आणि शाळा तशी एकटीच पडली. सगळा पावसाळा मी बाहेर लटकून होतो. माझ्यावर छप्पर नव्हतं. माझ्यामागे होतं, पक्कं स्लॅबचं, आणि त्याच्याखाली कोणी नव्हतं. पाऊस माझ्या किल्लीच्या भोकातून आत गेला आणि तिथेच राहिला. त्याला तरी जागा मिळाली, असं मी म्हणायचो.

सहामाही परीक्षा जवळ आली तेव्हा नाहिदचे वडील शाळेत आले. शकीलभाई. एसटी थांब्याजवळ त्यांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. हाताला ग्रीस होतं म्हणून ते ऑफिसच्या आत गेले नाहीत, व्हरांड्यातच उभे राहिले.

"सर, पोरगी दुपारी घरी येते. परत जायले उशीर होते, मंग तुमी म्हणता उशीर झाला. पानी पेत नाई म्हणून डोकं दुखते, मंग तिची अम्मी मले बोलते. मी काय करू सांगा."

"शकीलभाई, हुशार आहे हो मुलगी."

"हुशार हाय म्हणून तर आलो. सहामाहीपर्यंत पाह्यतो. गणितात गेली तर बसन अम्मीजवळ शिलाई मशीनवर. अर्धी शाळा कोनाले पुरत नाई."

"आराखड्यात सगळं आहे, शकीलभाई. अंमलबजावणी चालू आहे."

शकीलभाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मेकॅनिक माणूस बंद वस्तूकडे पाहतो तसं.

"हेच काय ते अंमलबजावणी?"

 शकीलभाई गेले. नाहिद वर्गाच्या खिडकीत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली वगैरे नाही. तिने फक्त माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आपण गोदामातच असतो तर बरं होतं.

त्या क्षणी मी ठरवलं. आता समिती येणार, त्या दिवशी सर माझ्यात किल्ली घालणार, मी उघडणार, आतल्या टाईल्सा चमकणार, समिती 'सुस्थितीत' लिहून जाणार, आणि मी परत मिटणार ते थेट पुढच्या समितीपर्यंत. नाहिद मशीनवर. हे सगळं फक्त माझ्या उघडण्यावर अवलंबून होतं. तर मग मी उघडणार नाही. मुलींना जो उघडला नाही तो पाहुण्यांनाही उघडणार नाही. बघू काय करतात.

समितीचा निरोप आला आणि शाळेत धावपळ झाली. झाडं बाहेर आली. ती पिवळी पडली होती, म्हणून त्यांना सावलीत उभं केलं. स्टाफच्या जुन्या बाथरूमच्या दाराला रंग दिला. आदल्या दिवशी सर माझ्याकडे आले, हातात वाटी. शाळेत जेवण शिजवणाऱ्या हंसाबाईंकडून त्यांनी तेल आणलं होतं.

"काहून जी सर, ताल्याले फोडनी देता का?" हंसाबाई मागून म्हणाल्या.

"उद्या अडायला नको, हंसाबाई."

सरांनी वाटीभर तेल माझ्यात ओतलं. किल्ली फिरवून मात्र पाहिली नाही. उघडलं तर कोणीतरी आत जाईल, ही भीती.

दुसऱ्या दिवशी समिती आली. प्रमुख होते उत्तमसिंग साहेब. भला माणूस, पोटाने मोठा, आवाजाने मऊ. मोटरसायकलवर लांबून आले होते. आल्या आल्या सरांनी त्यांना नारळपाणी दिलं. मग चहा. मग शोभा मॅडमच्या आग्रहावरून आणखी चहा. पाहुणचार आराखड्यात नव्हता, पण सगळ्यात चांगली अंमलबजावणी त्याचीच झाली.

मग मूल्यमापन सुरू झालं. साहेबांनी कचराकुंडीत वाकून पाहिलं.

"अगदी स्वच्छ आहे."

"आम्ही कचरा टाकूच देत नाही, साहेब."

"छान."

कपाट उघडलं. पुस्तकांचा नवा वास व्हरांड्यापर्यंत आला. साहेबांनी फुटबॉल दाबून पाहिला.

"हवा नाही यात?"

"फुटू नये म्हणून, साहेब."

"बरोबर आहे." साहेबांनी लिहून घेतलं. सोबतच्या दोघांनीही लिहून घेतलं. मी लांबून बघत होतो आणि माझ्या लिव्हरांना सांगत होतो, बायांनो, आज वरून आदेश आला तरी उठायचं नाही.

सगळे माझ्यासमोर आले. सर, शोभा मॅडम, समिती, आणि मागे आठवीचा वर्ग, स्वागतगीतासाठी उभा केलेला. सरांनी किल्ली घातली. फिरवली. मी उघडलो नाही.

"पावसाने जरा..." सर म्हणाले आणि जोर लावला. मी उघडलो नाही.

"मी पाहू का, सर?" शोभा मॅडम म्हणाल्या. "एखाद्याच्या हाताने उघडतं."

मॅडमच्या हाताने मी उघडलो नाही. समितीतल्या एकाने किल्ली फुंकली. दुसऱ्याने मला दगडाने हलकेच ठोकलं. शेवटी उत्तमसिंग साहेबांनी स्वतः प्रयत्न केला. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र मूल्यमापनापेक्षा वेगळी घाई दिसत होती.

"वापर रोज आहे म्हणता ना?" साहेब म्हणाले.

"हो साहेब. रोज."

"मग आज सकाळी कोणी उघडलं होतं?"

सरांनी शोभा मॅडमकडे पाहिलं. साहेबांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"ते जाऊ द्या. स्टाफचं कुठे आहे?"

"साहेब, त्याला नुकताच रंग दिलाय. तुम्ही येणार म्हणून. दार चिकटलंय."

साहेबांनी शाळेच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे मोठ्या अक्षरात 'येथे लघवी करू नये' असं लिहिलं होतं आणि खाली साहेबांचंच पद होतं. मागच्या दौऱ्यात त्यांनीच लिहून घेतलं होतं.

"मग इथे लोक करतात काय?" साहेब म्हणाले. आवाज मऊ राहिला नव्हता.

मागून नाहिद म्हणाली, "घरी जा लागते, सर."

सगळे वळले. सरांनी डोळ्यांनी तिला थांबायला सांगितलं. तिने डोळे वाचले आणि बाजूला ठेवले.

"आम्ही घरीच जातो, सर. नाल्याच्या तिकडं. पाह्यजे तर माह्या घरी चला. अम्मी हाय घरी."

साहेबांनी मला पाहिलं, भिंत पाहिली, सरांना पाहिलं. मग ते निघाले.

पुढचं मी पाहिलं नाही. ताला कुठे जातो. पण साहेबाला पोरीसोबत एकटं कसं पाठवायचं म्हणून हंसाबाई सोबत गेल्या होत्या, आणि त्यांनी नंतर भांडी घासताना मला ऐकू येईल अशा आवाजात सगळं सांगितलं. हंसाबाई थोडं जोडतात, पण कमी काही करत नाहीत. साहेब नाल्याच्या दगडांवरून गेले. चिखलात बूट अडकला तो हाताने काढला. एसटी थांब्यावर कोणी नमस्कार केला तर त्यांनी न थांबता हात हलवला. मधेच विचारलं, "अजून किती आहे बेटा?" नाहिद म्हणाली, "हे रोजचं हाय, सर." घरी पोचल्यावर नाहिदची अम्मी हजराबी मशीनवरून उठल्या, अंगणातलं दार दाखवलं. बाहेर आल्यावर पाहुणा तसाच कसा पाठवायचा म्हणून चहा दिला. साहेबांनी चहाकडे फार वेळ पाहिलं आणि नको म्हणाले.

येताना ते शकीलभाईंच्या दुकानाशी थांबले आणि म्हणाले, "हत्यारं घ्या आणि चला."

ते सगळे फाटकातून आत आले तेव्हा सुट्टीनंतरचा पहिला तास संपल्याची घंटा झाली.

"पाह्यलं सर," नाहिद म्हणाली. "गणित झालं."

 साहेबांचा एक बूट सगळा चिखलाचा होता.

शकीलभाईंनी माझ्यासमोर बसकण मारली. किल्ली घातली, काढली, वास घेतला.

"सर, तेल कोनतं टाकलं?"

"हंसाबाईंकडचं. खाण्याचं."

"मंग बरोबर हाय. जेवला न झोपला."

वर्ग हसला. हंसाबाई हसल्या. थोड्या वेळाने सरही हसले, पण तोंड दुसरीकडे करून. शकीलभाईंचं मत असं की खाण्याचं तेल गंजात मिसळून चिक्की झाली आणि लिव्हर चिकटले. मला हे मत मान्य नाही. मी जे निश्चयाने केलं त्याचं श्रेय सोयाबीनला द्यायला माझी हरकत आहे.

त्यांनी आरी काढली. पोरं मला विचारतात, कापताना दुखलं का. दुखलं. पण मी कडी ताणून धरली होती, लवकर तुटावी म्हणून. तुटलो तेव्हा मोठा आवाज झाला. मी खाली पडलो आणि दार उघडलं.

आत टाईल्सा खरंच चमकत होत्या. उद्घाटनाच्या नारळाची करवंटी कोपऱ्यात होती. सर हळूच म्हणाले, "पाहा साहेब, सुस्थितीत आहे." नाहिद कोणाला न विचारता आत गेली. दार लावलं. आणि लगेच दार उघडून परत बाहेर आली.

"सर, अंदरून कडीच नाई."

मित्रांनो, इथे मला थोडं थांबू द्या. बाहेरून दाराला भक्कम कडी-कोयंडा होता, माझं वजन पेलेल असा. आतून काही नव्हतं. साधा खिळासुद्धा नाही. आराखडा लिहिणाऱ्याच्या, मंजूर करणाऱ्याच्या, बांधणाऱ्याच्या, फोटो काढणाऱ्याच्या, कोणाच्याही मनात एकदाही आलं नव्हतं की इथे आत कोणी जाईल. बाहेरून कोण आत येऊ नये, याची काळजी घेतली होती. आतल्या माणसाची घेतली नव्हती, कारण आत माणूस धरलेलाच नव्हता.

शोभा मॅडम खाली बघत म्हणाल्या, "कडी आराखड्यात नव्हती."

 शकीलभाईंनी पाना घेतला, बाहेरचा कडी-कोयंडा उपसून काढला, दाराच्या आतल्या बाजूला ठोकून बसवला आणि ओढून पाहिला. मग नाहिदला म्हणाले, "जा आता."

दार लागलं. आतून कडीचा आवाज आला. आयुष्यभर मी कडीचे आवाज ऐकले, पण ते सगळे बाहेरचे. हा पहिला आतला.

आता तुम्ही म्हणाल, ताला जिंकला. थांबा, अहवाल यायचा होता.

समितीच्या कागदावर दोनच रकाने होते. वस्तू आहे का, आणि सुस्थितीत आहे का. साहेब ऑफिसात बराच वेळ पेन धरून बसले. वापरते कोण, याला रकाना नव्हता. नाल्याला नव्हता. बुटाला नव्हता. सरांना ते तोंडाने म्हणाले, "सर, उघडं ठेवत जा." पण कागदावर जे आलं ते असं: 'स्वच्छतागृह आहे, सुस्थितीत. कुलूप निकृष्ट दर्जाचे. पुढील आराखड्यात नवीन घ्यावे.'

समितीला आधीच उशीर झाला होता, म्हणून पुढचा आराखडा लगेच लिहिला गेला आणि त्यात ते पहिल्या क्रमांकावर आलं. निकृष्ट दर्जाचे. मी. अलीगडचा.

नवा ताला आला. चकचकीत, प्लास्टिकच्या डब्यात बसलेला. मला त्या वेळी ऑफिसच्या खिडकीत ठेवलं होतं, तिथून तो दिसला. मी त्याला म्हणालो, बाबा, कुठे लागतोस ते आधी विचार. तो काही बोलला नाही. नव्यांना वाटतं कंपनीने सगळं शिकवून पाठवलं.

सर डबा आणि नवा कोयंडा घेऊन दाराकडे निघाले. वाटेत नाहिद आणि भैरवी बादली घेऊन उभ्या होत्या. नाहिदने डबा पाहिला. ती चांगलीच रागावेल असं मला वाटलं. ती रागावली नाही. ती अगदी काळजीने म्हणाली,

"सर, हा आराखड्यातला हाय का?"

"हो. पहिल्या क्रमांकावर."

"मंग समिती पाह्यन ना याले."

"पाहणारच."

"बाहेर लावला तर पावसात गंजन, सर. पह्यल्यासारखा. मंग समितीले काय दाखवसान?"

सर थांबले. डब्यावरून बोट फिरवलं. नवी वस्तू, प्लास्टिकसुद्धा फाटलेलं नाही, आणि बाहेर ऊन, पाऊस, धूळ. भैरवीने बादली खाली ठेवली आणि ती पण काळजी करू लागली.

"कपाटात ठेवा, सर," ती म्हणाली. "प्लास्टिक बी काढू नका."

सर वळले. त्यांनी नवा ताला कपाटात ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली. शाळेत सगळे म्हणतात, सरांना काही कळलंच नाही. मला तसं वाटत नाही. कपाट लावून झाल्यावर ते नाहिदकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "गणित सुरू झालंय. जा." आणि किल्ली खिशात टाकताना त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

स्वच्छतागृह आता मुळीच सुस्थितीत नाही. एक टाईल फुटली आहे. पाण्याचा मग हरवतो. भिंतीवर कोणीतरी सतराचा पाढा लिहून ठेवला आहे आणि तोही चुकीचा. पोरं पाणी भरतात, पोरी धुतात, मग पाळी बदलून पोरी भरतात आणि पोरं धुतात. त्यावरून रोज भांडणं. कचराकुंडीत कचरा असतो. कपाटात आता फक्त तो नवा ताला आहे. पुस्तकांची पानं दुमडली आहेत. फुटबॉल फुटला. खेळून फुटला.

नाहिदला सहामाहीत गणितात फार गुण पडले नाहीत. पण पास होण्यापुरते पडले. शकीलभाईंनी मशीनचं नाव काढलं नाही. पुढच्या वर्षी ती फुलसावंगीच्या शाळेत जायचं म्हणते. तिथे आतून कडी आहे की नाही, हे ती आधी जाऊन बघून आली आहे.

तर मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी माझ्यासारखे लोक हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझं म्हणणं उलट आहे. तुमच्या शाळेत एखादी वस्तू फारच चांगल्या स्थितीत दिसली तर आधी शंका घ्या. विचारा, ही कोणाची? 'समितीची' असं उत्तर आलं तर लगेच तिला हात लावा. घाण झाली तर धुवा, मोडली तर जोडा, जोडता आली नाही तर निदान वापरून मोडली असं सांगता येईल. आणि दाराची कडी कोणत्या बाजूला आहे ते जरूर बघा. न वापरता जपलेली वस्तू आणि चोरीला गेलेली वस्तू, दोन्ही तुमच्या सारख्याच कामाच्या. चोरीत निदान कोणीतरी वापरतो.

मी सध्या आठवीच्या वर्गात असतो. दुपारी इथे वारा फार सुटतो आणि दार आपटतं. वजन आहे म्हणून मला दाराला टेकवून ठेवतात. परवा सरांनी मला उचललं, रुमालाने पुसलं आणि शोभा मॅडमना म्हणाले, "जुनी वस्तू आहे. आठवण म्हणून कपाटात जपून ठेवू." मी माझ्याकडून होईल तेवढा जड झालो. सर मला घेऊन कपाटापर्यंत गेले. मागे दार धाडकन आपटलं. वर्गातून नाहिदचा आवाज आला.

"सर, दार."

सरांनी एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग परत आले, दार पूर्ण उघडलं आणि मला त्याच्यापाशी खाली ठेवलं.

मी अजून तिथेच आहे. वारा चालू आहे. दार उघडं आहे. आत गणित चालू आहे.